अठरा मुलं, एक रिंग आणि बेंचवर बसणारी सात

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सोसायटीत एकाच रिंगचं बास्केटबॉल कोर्ट आहे. शनिवार-रविवार सकाळी सात ते साडेआठ अठरा मुलं येतात. त्यातली सहा दहा वर्षांच्या आतली, बारा दहा ते तेरामधली. तुम्ही कॉलेजच्या संघातून खेळला आहात, पण शिकवायची ही पहिलीच वेळ, आणि तुमचा मुलगाही याच बॅचमध्ये आहे. तीन आठवड्यांनी तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांची आंतर-सोसायटी स्पर्धा आहे. एका बाबांनी तुम्हाला विचारलं, "जिंकायचं नसेल तर नाव कशाला द्यायचं?" आणि एका आईने विचारलं, "माझी मुलगी नुसती बेंचवर बसायला येणार आहे का?" यातून मार्ग कसा काढायचा, मुलांच्या वयातल्या फरकाचं काय करायचं आणि सराव कसा घ्यायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात एका सार्वजनिक मैदानावर सतरा वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवते आहे. नोकरी विमा कंपनीत, त्यामुळे संध्याकाळ आणि रविवार एवढाच वेळ. पगार नाही, मानधनही नाही. तुमच्यासारखीच एका ओळखीच्यांनी "जरा बघशील का मुलांकडे" म्हटलं म्हणून उभी राहिले आणि राहिलेच. त्यामुळे जे सांगते आहे ते याच मापाच्या बॅचमधून आलेलं आहे.

मला वाटतं, तुमची खरी अडचण वेगळी आहे. त्या बाबांचं आणि त्या आईचं, दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. ही बॅच कशासाठी आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून ते एकमेकांच्या विरुद्ध दिसतायत. निवड चाचणी घेऊन बारा मुलं घेतली असती, जिल्ह्याच्या संघात घेतात तशी, तर "जो चांगला तो खेळेल" हा नियम न्याय्यच ठरला असता. पण तुम्ही आली ती सगळी मुलं घेतलीत. सगळ्यांकडून चेंडूसाठी वर्गणी घेतलीत. मग मॅचच्या दिवशी सकाळी एकदम निवड समिती होता येत नाही.

मी तेच केलं होतं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी आम्ही एका स्थानिक स्पर्धेच्या फायनलला पोहोचलो. अटीतटीची मॅच होती, मी सात मुलांवरच चारही क्वार्टर काढले. तीन गुणांनी जिंकलो, फोटो निघाले, पालकांनी पेढे वाटले. मॅचनंतर जर्सी परत गोळा करत होते. सगळ्या जर्सी घामाने चिंब, मुलं एकमेकांच्या अंगावर फेकत होती. एका मुलाने मात्र स्वतःची जर्सी व्यवस्थित घडी करून माझ्या हातात दिली. आदल्या रात्री त्याच्या आईने केलेल्या इस्त्रीची घडी तशीच होती, मोडलेली नव्हती. तो काही बोलला नाही, उलट हसला. जूनमध्ये नवीन बॅच सुरू झाली तेव्हा तो आला नाही. त्या दिवशी बेंचवर बसलेल्या पाचांपैकी कुणीच आलं नाही. ती मुलं खेळ सोडून गेली ती माझ्यामुळे, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

तेव्हापासून मी मॅचच्या आदल्या रात्री कागद-पेन घेऊन बसते आणि मिनिटांचा हिशेब करते. तुमचाही करून बघू. मुलांच्या स्पर्धेत बऱ्याच ठिकाणी आठ मिनिटांचे चार क्वार्टर असतात. (पूर्ण नियमांत दहा-दहा मिनिटांचे असतात. तुमच्या आयोजकांना विचारून घ्या.) एका वेळी पाच जण कोर्टवर, म्हणजे एकूण वीस जागा. तुमची दहा ते तेरामधली मुलं बारा, आणि संघात नावंही बाराच देता येतात. प्रत्येकाला एक पूर्ण क्वार्टर हमखास दिला तर बारा जागा गेल्या. आठ उरल्या, त्या तुमच्या हातात. तुमची दोन तरबेज मुलं तीन-तीन क्वार्टर खेळू शकतात, आणखी चार जण दोन-दोन, उरलेले सहा एक-एक. बेरीज बरोबर वीस. म्हणजे सगळ्यांना खेळवायचं की जिंकायला खेळायचं, अशी निवड करायची वेळ बहुतेकदा येतच नाही. ती वेळ येते आपण कागद न करता गेलो म्हणून. हातघाईला आलो की सवयीने त्याच पाच नावांकडे बघतो.

पूर्ण क्वार्टर का, दोन-दोन मिनिटं का नाही? कारण दोन मिनिटांसाठी आत गेलेल्या मुलाच्या हाताला चेंडू लागेलच असं नाही. तो घाबरलेला असतो, आपण कुणाला अडवायचं ते शोधेपर्यंत शिट्टी वाजते आणि आपण त्याला परत बोलावतो. त्याला वाटतं, माझं काहीतरी चुकलं. आठ सलग मिनिटांत मूल एकदा चुकतं, दुसऱ्यांदा सावरतं आणि तिसऱ्यांदा पास मागतं. हा बदल मी कितीतरी मुलांमध्ये कोर्टच्या कडेला उभी राहून बघितला आहे.

फक्त पाच नवखी मुलं एकदम आत पाठवू नका. प्रत्येक क्वार्टरमध्ये चेंडू सांभाळून पुढे नेणारं किमान एक मूल हवं, दोन असतील तर उत्तम. आणि एकच क्वार्टर मिळणाऱ्या मुलाला आत जाताना नेमकं काम द्या. "चांगलं खेळ" हे काम झालं नाही. "त्यांच्या सात नंबरच्या आणि रिंगच्या मध्ये कायम तू राहायचं" हे काम आहे. ते त्याला जमतं, आणि जमलं की दिसतं.

अर्थात हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. कुणी आजारी पडलं, कुणाचे पाच फाउल झाले, तर कागद बदलतो. बाद फेरीची स्पर्धा असेल तर दडपण वाढतं. पण हमखास क्वार्टरची गोष्ट मी फायनललाही मोडत नाही, आणि ते मुलांना आधी सांगून ठेवते.

दहा वर्षांखालच्या सहांना या स्पर्धेत उतरवू नका, हे मात्र मी ठामपणे सांगेन. तेरा वर्षांचा वयात आलेला मुलगा आणि आठ वर्षांचं पोर एका रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगला लागून परत आलेल्या चेंडूसाठी, उडाले तर काय होईल ते उघड आहे. त्यांच्यासाठी समोरच्या सोसायटीतली सहा लहान मुलं बोलवा आणि त्याच दिवशी मोठ्यांच्या आधी अर्ध्या कोर्टवर तीन-तीनची मॅच लावा. पालक टाळ्या वाजवायला असतीलच.

आता पालक. या शनिवारी साडेसहाला सगळ्यांना कोर्टवर बोलवा, दहा मिनिटं पुरतात. व्हॉट्सॲपवर लिहू नका, तिथे प्रत्येक वाक्याला दुसरा अर्थ फुटतो. समोर उभं राहून सांगा: ही सगळ्यांची बॅच आहे, प्रत्येकाला एक क्वार्टर नक्की मिळेल, उरलेल्या जागा सरावाची हजेरी आणि मॅचची गरज बघून मी ठरवेन, आणि त्या दिवशी बाहेरून कुणी मुलांना सूचना देणार नाही. ज्यांना याहून जास्त स्पर्धात्मक खेळ हवा आहे त्यांना शहरातल्या क्लबचं नाव सुचवा, मनापासून. त्यात कमीपणा नाही. "नाव कशाला द्यायचं" विचारणाऱ्या बाबांना मॅचच्या दिवशी स्कोअरशीटला बसवा. गुण, फाउल, टाइम-आउट लिहिताना माणूस प्रत्येक मुलाकडे बघायला लागतो. माझ्याकडचे सगळ्यात तापट पालक आज माझे सगळ्यात भरवशाचे स्कोअरर आहेत.

तुमच्या मुलाबद्दल एकच सांगते. त्याचे क्वार्टर तुम्ही ठरवू नका, मदतीला असलेल्या दुसऱ्या पालकाला ठरवू द्या. आणि घरी जाताना गाडीत मॅचचा विषय तुम्ही काढायचा नाही. त्याने काढला तर बोला. त्याला त्या वीस मिनिटांत बाबा हवे असतात.

सरावाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं: "मी रांग लावून ले-अप घेतो, पण मुलं मस्ती करतात." ले-अप म्हणजे धावत येऊन दोन पावलांत उडी घेऊन चेंडू रिंगमध्ये टाकणं. हिशेब करा. अठरा मुलांची रांग, प्रत्येकाला दहा सेकंद. एक फेरी तीन मिनिटांची. वीस मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला सहा-सात ले-अप, म्हणजे जेमतेम मिनिटभर खेळ आणि एकोणीस मिनिटं उभं राहणं. मस्ती नाही करणार तर काय करणार? पहिला उपाय म्हणजे चेंडू वाढवणं. जमेल त्याने आपला चेंडू घेऊन यावा. सिमेंटच्या कोर्टवर रबरी चेंडूच टिकतो, महागाचा चामडी घेऊ नका. आणि तुमच्याकडचे पाचही चेंडू ७ नंबरचे आहेत, ते या वयाला मोठे आणि जड आहेत. लहानांना ५ नंबरचा द्या.

हे मी आग्रहाने सांगते, कारण शॉट बिघडतो तो इथे. रिंग असते ३.०५ मीटरवर. आठ-नऊ वर्षांचं मूल मोठा चेंडू तिथवर पोचवायला तो कमरेपासून दोन्ही हातांनी उडवतं, आणि ती सवय पुढे चौदाव्या वर्षीही मोडत नाही. म्हणूनच मिनी बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रिंग २.६० मीटरवर आणि चेंडू ५ नंबरचा असतो. तुमची रिंग खाली घेता येणार नसेल तर कम्पाउंडच्या भिंतीवर किंवा एखाद्या खांबाला त्या उंचीवर साधी लोखंडी कडी वेल्डिंगवाल्याकडून बसवून घ्या. बोर्ड नसला तरी चालेल. आम्ही आठ वर्षं अशाच कडीवर लहानांना शिकवलं.

एका रिंगमुळे अडून राहू नका. तिसरा हिस्सा मुलं रिंगवर तीन-तीनची मॅच खेळतील, तिसरा हिस्सा दुसऱ्या टोकाला "दहा पास" खेळतील. चेंडू जमिनीला न लागू देता, ड्रिबल (चेंडू आपटत पुढे नेणं) न करता आपसात सलग दहा पास, मधे दुसऱ्या संघाने तो हिसकावायचा. मोकळी जागा शोधणं, आपल्या माणसाकडे बघणं, चेंडू हातात आल्यावर घाई न करणं, हे सगळं त्यात येतं आणि रिंग लागत नाही. उरलेला तिसरा हिस्सा चेंडू हाताळेल. लहानांना मी ड्रिबल करत शिवणापाणी खेळायला लावते, जेवायचा हात पाठीमागे ठेवून. लंगडी घेते, कारण एका पायावर नीट उतरता आलं की थांबणं आणि पिव्हट (एक पाय रोवून वळणं) आपोआप सुधारतं. आपल्या मुलांना हे खेळ ओळखीचे असतात, समजावण्यात वेळ जात नाही. पंधरा-पंधरा मिनिटांनी गट बदला.

ले-अपची पावलं तोंडाने सांगून कळत नाहीत. मी खडूने जमिनीवर दोन चौकोन काढते, उजव्या बाजूने येताना आधी उजव्या पायाचा, मग डाव्याचा, आणि पुढे वर बाण. पहिले दोन दिवस चेंडूशिवाय. मुलं मोठ्याने म्हणतात, "उजवा, डावा, उडी." मग चेंडू. चुकलं तर एका वेळी एकच चूक सांगा. पावलं चुकत असताना कोपराबद्दल बोललं की दोन्ही जातात.

स्पर्धा जवळ आली की फुल कोर्ट प्रेस, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच टोकापासून अडवणं, शिकवायचा मोह होईल. त्याने या वयात मॅच जिंकता येते हे खरं आहे. समोरच्या मुलांच्या हातात लांब पास टाकायची ताकद नसते, आठ सेकंदांच्या मुदतीत चेंडू अर्ध्या कोर्टपलीकडे जात नाही, गुण मिळत राहतात. झोन लावून, म्हणजे प्रत्येकाला माणसाऐवजी जागा राखायला देऊन, सगळ्यांना रिंगखाली उभं केलं तरी चालतं, कारण बाहेरून शॉट कुणालाच लागत नाही. मी दोन्ही करत नाही. प्रेसमध्ये समोरच्या लहान मुलाला खेळच खेळता येत नाही, आणि झोनमध्ये आपल्या मुलाला एका माणसाची जबाबदारी कधी कळत नाही. माझी मुलं अर्ध्या कोर्टपासून मॅन-टू-मॅन खेळतात, प्रत्येकाने समोरच्या एकाला अडवायचं. काही मॅच त्यामुळे हरलो आहोत.

वयाच्या फरकाची तुम्हाला धास्ती वाटते, पण त्यात तुमचा फायदा आहे. मुंबईत नागपाड्याला मी सामन्यांसाठी गेले आहे. तिथल्या दाट वस्तीने देशाला एकामागून एक खेळाडू दिले. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसीर तिथलेच. नागपाडा नेबरहूड हाऊस हे तर १९२७ पासूनचं सामाजिक केंद्र. तिथे मोठ्यांचा खेळ चालू असताना लहान मुलं कडेला बसलेली मी बघितली. चेंडू बाहेर आला की परत द्यायच्या आधी दोनदा आपटून घ्यायची, आणि मोठ्यांनी पाणी प्यायला घेतलं की कोर्टवर धावायची. शिकणं तिथेच सुरू होतं. तुमच्या बारा-तेरा वर्षांच्या दोन-तीन मुलांना एकेका लहानग्याची जोडी करून द्या. शिकवताना ती स्वतःच आपली पावलं तपासायला लागतात.

आणि योगायोग बघा. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांच्याकडेही कंटाळलेले, अस्वस्थ असे अठराच विद्यार्थी होते. बाहेर कडाक्याची थंडी, आत व्यायामशाळेत काय खेळवायचं, म्हणून त्यांनी पीचच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. अठराच्या अठरा जण खेळले. या खेळाची पहिली मॅच बेंचशिवाय झाली.

मुलींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. बारा-तेराव्या वर्षी मुली कमी होत जातात आणि आपल्याला वाटतं त्यांची आवड संपली. माझ्याकडे एका वर्षी चार मुली लागोपाठ यायच्या बंद झाल्या. एका आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, मैदानावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि चावी वॉचमनकडे मागायला त्यांना लाज वाटते. मी त्या चावीची दुसरी प्रत करून चेंडूंच्या पिशवीत ठेवली. तुमच्या क्लब हाउसची चावी कुठे असते ते बघा. जर्सीखालच्या शॉर्ट्स गडद रंगाच्या ठेवा. आणि मॅचमध्ये मुलं मुलींना पास देत नाहीत, हे दिसलं तर सरावात "सगळ्यांच्या हाताला चेंडू लागल्याशिवाय शॉट नाही" हा नियम लावा.

कोर्टवर नेहमी दोन मोठी माणसं हवीत, त्यातली एक बाई असेल तर फार बरं. एकट्या मुलाला वेगळं थांबवून सराव नाही, मुलांना खासगी मेसेज नाही. शॉटसाठी हात धरून दाखवायचा असेल तर विचारून आणि सगळ्यांसमोर. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे मदतनीस पालकांनाही माहीत असू द्या.

दुखापतींत एक नेहमीची चूक टाळा. चेंडू लागून बोट दुखावलं की आपल्याकडे ते ओढतात. ओढू नका, चोळू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून धरा, सूज आली तर एक्स-रे. घोटा मुरगळला तरी तेच, आणि त्या दिवशी खेळ बंद. डोक्याला मार लागला तर मूल कितीही "मी ठीक आहे" म्हणालं तरी आत पाठवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखतं अशी तक्रार येईल. त्याला आळस म्हणू नका. उड्या कमी करा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा, सिमेंटवर हे जास्त जाणवतं. रिंगच्या लोखंडी खांबाला जुनी गादी बांधून घ्या, आजच.

पावसाळ्यात कोर्टवर शेवाळ धरतं, तेव्हा चार पैसे खर्चून ते घासून घ्या किंवा सरळ पार्किंगमध्ये जा. एका जागी उभं राहून दोन हातांनी दोन चेंडू आपटायचा सराव तिथे होतो. आवाजाची तक्रार येईल, म्हणून आधी वरच्या मजल्यावरच्यांशी बोला आणि वेळ सकाळी आठनंतरची ठेवा.

आता तीन आठवड्यांत एवढं सगळं होणार नाही. या शनिवारी पालकांशी बोला, रांग बंद करा, ५ नंबरचे चार चेंडू आणा. मॅचच्या आदल्या रात्री वीस जागांचा कागद करा आणि तो खिशात ठेवा. स्पर्धेचा निकाल मला नंतर कधीतरी सांगा. त्याआधी, स्पर्धा संपल्यावरच्या पहिल्या शनिवारी सात वाजता अठरापैकी किती मुलं आली, तेवढं मोजून नक्की कळवा.